समजा, हात धुतले

मुली तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे कोपरबाई. बाईला ते ठाऊक होतं. तिला त्याचा राग नव्हता. राग धरायला तिच्याकडे दुसऱ्या पुष्कळ गोष्टी होत्या, तो नावावर कशाला वाया घालवायचा?

नाव पडलं ते तिच्या ओरडण्यावरून. हात धुवायचा धडा ती पहिल्या वर्षाच्या मुलींना घ्यायची आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींनाही घ्यायची. मुली तळव्यावर तळवा घासायला लागल्या की ही मागून फिरायची.

"बोटं वर, कोपर खाली! पाणी कोपरावरून गळलं पाहिजे. पेशंटला तुम्ही बोटं लावणार आहात, कोपर नाही!"

विद्यापीठाच्या नर्सिंग विभागात ती शिकवत होती. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात राबली होती. तिचा हात हलका होता. सुई टोचून झाली तरी पेशंट विचारायचा, कधी टोचणार? कुणीतरी म्हणालं, शिकलेली आहेस, हात चांगला आहे, शिकवायला जा. तिने विचार केला, वॉर्डात आपले दोनच हात, शिकवलं तर प्रत्येक तुकडीतून कितीतरी हात तयार होतील. हिशेब बरोबर होता. फक्त मांडताना त्यात विद्यापीठ धरायचं राहून गेलं.

नोकरी कराराची होती. वर्ष संपत आलं की बाई विभागप्रमुखांच्या दाराबाहेर उभी आणि साहेब आत फोनवर. तिला कायम करायचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर पडून होता. साहेबांचा आवडता शब्द 'बघूया'. प्रयोगशाळेचा नळ? बघूया. तुकडी दुप्पट झाली, शिकवणाऱ्या तेवढ्याच, त्याचं काय? बघूया. सगळा विभाग त्यांना बघूसाहेब म्हणायचा. माणसाने जन्मात इतकं बघितलं की काही करायला वेळच उरला नाही.

दवाखान्याच्या लेखी ती विद्यापीठाची, विद्यापीठाच्या लेखी ती दवाखान्यातली. दवाखान्यात तिला पर्स ठेवायला कप्पा नव्हता आणि विद्यापीठात धड खुर्ची नव्हती. खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली तिने जुन्या पेपरांची घडी सरकवली होती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. पण तो निदान पाहुणा तरी असतो, त्याला कुणी 'बसा' तरी म्हणतं.

सकाळी मुलींना घेऊन वॉर्डात. एका तुकडीला एक शिक्षिका, आणि तुकडी पांगलेली तीन मजल्यांवर. इथे बघायला थांबली की तिथे कुणीतरी चुकतंय, तिथे धावली की इथे. जिन्यावरच तिचा अर्धा दिवस जायचा. दुपारी वर्ग. त्यानंतर उत्तरपत्रिका. आणि या सगळ्यावर विद्यापीठाचा तगादा, संशोधन छापा, संशोधन छापा. शेजारच्या टेबलावरच्या बाईने तो तगादा मनावर घेतला होता. ती संगणकासमोर बसून निबंध छापायची, आणि तिच्या वाटणीचे वॉर्ड कोपरबाईच्या पायांवर पडायचे. तिला सगळे पेपरवाली म्हणत. ती वाईट नव्हती. भित्री होती. भित्र्या माणसाचं काम नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर जातं.

आता नळाचं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते नळामुळे.

विभागाची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर होती. प्रयोगशाळा म्हणजे खाटांवर झोपवलेले रबरी पुतळे, सलाईनचे खांब, कपाटं, आणि कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. बेसिन पांढरंशुभ्र. नळ चकचकीत, कोपराने ढकलून उघडायचा, ऑपरेशनच्या खोलीत असतो तसा. तपासणीला माणसं येत, बेसिन बघत, नळाकडे बघत, मान डोलावत आणि चहाला जात. नळ उघडून बघावा असं त्यांतल्या एकाच्याही मनात आलं नाही. उघडला असता तर कळलं असतं की त्याला पाणीच नाही. नळ होता, बेसिन होतं, खाली सांडपाण्याचा पाईपही होता. पाणी आणणारी नळी मात्र जोडलेलीच नव्हती. ती नळी मजल्यावर चढली होती, व्हरांड्यातून आली होती आणि विभागप्रमुखांच्या केबिनच्या भिंतीत शिरून तिथेच थांबली होती. साहेबांच्या केबिनला खासगी बेसिन होतं. त्याला धो धो पाणी. भिंतीच्या एका बाजूला साहेब चूळ भरत, दुसऱ्या बाजूला भावी नर्सा कोरड्या नळाकडे बघत.

सुरुवातीला बाईने बादल्या आणल्या. तळमजल्यावरून भरायच्या आणि जिन्याने वर चढवायच्या. ती एक बादली उचलायची, मुली दोघी-दोघी मिळून एकेक. मगाने हातावर पाणी घालायचं, खाली दुसरी बादली धरायची. तळव्याची रेघ न् रेघ भिजायची. धडा संपेपर्यंत सगळ्यांचे पदर, ओढण्या, बाह्या ओल्या व्हायच्या. तिची पाठ दुखायची. पण मुलींचे हात धुतले जायचे, खरोखर धुतले जायचे.

मग एक दिवस हिशेब खात्यातला कारकून ओल्या पायरीवरून घसरला. त्याला फारसं लागलं नव्हतं, पण कण्हला मात्र जोरात. साहेबांनी बाईला बोलावलं.

"मॅडम, हे विद्यापीठ आहे. पाणवठा नाही."

"सर, मग नळ जोडा."

"बघूया. तोवर बादल्या बंद. कृती महत्त्वाची. पाणी काय, मुलींना घरी माहीत असतंच की."

बाई भांडली. मग करार नव्याने करायचे दिवस आले, आणि ती गप्प बसली. बादल्या जिन्याखाली पालथ्या पडल्या.

तिथून 'समजा' सुरू झालं. मुली बेसिनपाशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "समजा, नळ उघडला. समजा, साबण घेतला." मग कोरडे हात एकमेकांवर चालायचे. तळवा, पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट. बाई मागून ओरडायची, बोटं वर, कोपर खाली. शेवटी मुलगी म्हणायची, "समजा, हात धुतले," आणि पुतळ्याकडे वळायची. पुतळ्याला काय, त्याला जंतूही समजाच.

वर्षं गेली. मुली त्यात इतक्या तरबेज झाल्या की 'समजा' म्हणायचंही बंद झालं. हात आपोआप चालायचे. बाहेरगावच्या एका तपासनीस बाईंनी तर कौतुक केलं. काय सुंदर हालचाल आहे, म्हणाल्या, अगदी नाचासारखी.

त्या वर्षीच्या तुकडीत एक बारकी मुलगी होती. तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने काडी, पण कामाला कधी बसलेली दिसली नाही. वॉर्डात खाटा झटकायची, पेशंटला कुशीवर वळवायची, कुणी न सांगता कचऱ्याची पिशवी बदलायची. हुशारीत मागे नव्हती, पुढेही नव्हती. पण नर्सिंगला नुसती हुशारी लागत नाही, अंग मोडावं लागतं, आणि ती मोडायची.

त्या दिवशी बाई वरच्या मजल्यावर एका मुलीला सलाईन लावताना बघत होती. खाली मुंगीने एका आजोबांचं शौचाचं भांडं उचललं, रिकामं करून ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या पोटावर ऑपरेशनची जखम होती, तिचं ड्रेसिंग मुंगीलाच करायचं होतं. ती बेसिनपाशी गेली. हात एकमेकांवर चालवले, अगदी मनगटापर्यंत. बोटं वर धरली, खाटेपाशी आली, हातमोजे चढवले आणि ड्रेसिंग केलं. नळ तिने उघडलाच नव्हता.

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरने ते टेबलावरून बघितलं. आधी तिला वाटलं, आपल्याला भास झाला. उठून गेली. बेसिन कोरडं, साबणाची वडी कोरडी. तोवर ड्रेसिंग झालं होतं. सिस्टरने ते पुन्हा स्वतः केलं, पण दोन दिवसांनी त्या माणसाला ताप चढला आणि जखमेत पू धरला. त्याची बायको भडकली. भडकणारच. तिने अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं विचारलं, "माझा नवरा काय तुमच्या पोरींची शिकायची पाटी आहे?"

तक्रार विद्यापीठात गेली. मुंगीचं वॉर्डात जाणं बंद झालं. चौकशी बसणार आणि मुलीला वर्षभर मागे ठेवणार अशी बोलवा उठली. पेशंट बरा झाला, पण चौकशीला त्याचं काय? चौकशीला कुणाची तरी मान हवी असते, आणि सगळ्यांत बारीक मान मुंगीची होती.

बाईने तिला रिकाम्या वर्गात बसवून विचारलं. मुंगी रडत नव्हती. ती रागात होती.

"मॅडम, शप्पथ सांगते, मी हात धुतले. सगळं केलं. अंगठासुद्धा."

"साबण वडीचा होता की बाटलीतला?"

"अं?"

"साबण, साबण. वडी होती का बाटली?"

मुंगी छताकडे बघत आठवायला लागली.

"पाणी गार होतं का?"

मुंगीने आपले हात मांडीवर पालथे केले, मग उताणे केले. ती त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघायला लागली.

पोर खोटं बोलत नव्हती. जे शिकवलं तेच तिने केलं होतं. बाईने कोरडे हात चोळायला शिकवलं आणि पोरीने कोरडे हात चोळले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

त्या क्षणी बाईला आला तो राग निराळा होता. आजवरचे राग चुलीवरच्या दुधासारखे असायचे. वर यायचे, फुंकर मारली की खाली बसायचे. हा बसला नाही. त्यात साहेब होते, नळ होता, तपासायला आलेली सगळी डोलणारी डोकी होती, आणि मधोमध ती स्वतः होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. नुसतं बोलावलं नाही, 'बसा' म्हणाले. बाई सावध झाली.

"उद्या तुम्हाला एकच प्रश्न विचारतील, मॅडम. हात धुणं शिकवलं होतं का?"

"आणि?"

"आणि काय? शिकवलं होतं ना?"

"शिकवलं होतं."

"मग तेवढंच सांगायचं. खोटं बोला असं मी म्हणतच नाही." साहेबांनी समोरचा प्रस्ताव दोन बोटांनी सरळ केला. "तुमच्या कायमपणाचं या महिन्यात करून टाकू. आता बघूया नाही, करूया."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'करूया' तिने पहिल्यांदा ऐकलं. मागे बेसिनच्या नळातून थेंब थेंब पाणी गळत होतं. साहेबांना तो घट्ट बंद करायचाही कंटाळा होता.

"सर, तो नळ गळतोय."

"हो का? बघूया."

घरी जेवताना तिने सगळं सांगितलं. नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. नखांत काळं ग्रीस घेऊनच तो ताटावर बसायचा आणि रोज तिची बोलणी खायचा. त्या दिवशी त्याने न सांगता उठून हात धुतले.

"भीती वाटली," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्यावरही चौकशी बसायची."

बाई हसली नाही. सासूबाईंनी भांडं खाली आपटलं.

"तू उद्या काय बोलणार आहेस ते आधी सांग."

"खरं ते."

"खरं काय आहे? तू शिकवलं होतंस. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही, आई. पण अर्धं आहे."

"जगात सगळ्यांचं अर्ध्यावर भागतं, तुलाच तेवढं अख्खं लागतं. इतकी वर्षं ताटकळलीस, आता ताट पुढं आलंय तर लाथ मारणार? दुसऱ्याच्या पोरीसाठी आपल्या पोटावर पाय?"

"त्या पोरीचं वर्ष जाईल."

"वर्षच जाईल. हात तर नाही ना तुटणार? पुढच्या वर्षी शिकेल पुन्हा."

"पुन्हा काय शिकेल? तोच नळ, आई. तेच समजा. पुन्हा हेच शिकेल."

सासूबाई मुलाकडे वळल्या. "तू बोल की रे. बायको तुझी आहे."

नवरा म्हणाला, "गाडीचे ब्रेक लागत नसले तर आमचा मालक म्हणतो, रंग मार, चकाचक दिसू दे. मी मारतो. घरी येऊन झोप लागत नाही." मग ताटाकडे बघत म्हणाला, "हिला तरी झोप लागू दे."

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "दोघांना झोप लागली की मी एकटी जागी राहते. माझं काय, मी म्हातारी." आणि रागारागाने तिच्या ताटात आणखी वाढलं.

चौकशी साहेबांच्या केबिनमध्ये होती. विद्यापीठाचा एक अधिकारी होता, सारखा घड्याळ बघणारा. दवाखान्याच्या मेट्रन होत्या, जाडजूड, कमी बोलणाऱ्या. साहेब मधोमध. मुंगी कडेच्या स्टुलावर, हात मांडीखाली दाबून बसलेली, जणू ते तिला कुणाला दाखवायचेच नव्हते. आणि साहेबांनी स्वतः साक्षीला आणलेली एक मुलगी होती, वर्गात पहिली येणारी. तिला मुली मेरिट म्हणत. विभागात शिक्षण किती उत्तम चालतं ते तिच्याकडे बघून कळावं, म्हणून तिला आणलं होतं.

अधिकाऱ्याने विचारलं, "मॅडम, हात धुण्याची कृती शिकवली होती का?"

"शिकवली होती."

साहेबांनी पाठ टेकली. अधिकाऱ्याने पेन उचललं. मुंगीने मान खाली घातली.

"पण काय शिकवलं ते विचारलं नाहीत," बाई म्हणाली.

"हात धुणंच ना?"

"ही मुलगी वर्गात पहिली येते. तिला दाखवायला सांगा. इथंच. बेसिन आहे, पाणी आहे, साबण आहे."

साहेब खूश झाले. "का नाही? दाखव गं. घाबरू नकोस. सुरेख करून दाखव."

मेरिट उठली. बाह्या वर केल्या. बेसिनपाशी ताठ उभी राहिली. शिक्षिका बघतेय, साहेब बघताहेत, म्हणजे परीक्षाच. तिने तळव्यावर तळवा ठेवला. मग पाठ. बेचक्या. अंगठा गोल गोल फिरवला. नखं तळव्यावर घासली. मनगटं. एक हालचाल चुकली नाही. बोटं वर, कोपर खाली. मग हात छातीसमोर धरून ती वळली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"हात धुतले, सर."

तिच्या मागे नळातून थेंब पडला. टप.

मेरिट साहेबांकडे बघून हसत होती, शाबासकीची वाट बघत. मुंगीने वर बघितलं होतं. मेट्रन उठल्या, मेरिटपाशी गेल्या, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटेपालटे केले.

"कोरडे आहेत," त्या म्हणाल्या.

मेरिटचं हसू ओठांवरच राहिलं. तिने हातांकडे बघितलं, नळाकडे बघितलं. आणि ती पोर, जन्मात कधी नापास न झालेली, हुंदके देऊन रडायला लागली.

"हे मी शिकवलं," बाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "ही चुकली नाही. तीही चुकली नव्हती. माझ्या सगळ्या मुली असेच हात धुतात, कारण या भिंतीपलीकडे पाणीच नाही. नळ आहे. तुमची तपासणीची माणसं दरवर्षी तो बघून जातात. एकदा तरी उघडला असता! त्यांच्यापैकी एकाने तरी कोपराने ढकलला असता! मी पाणी मागितलं, तर बघूया. बादल्या आणल्या, तर हे विद्यापीठ आहे. आणि मी गप्प बसले, कारण मला माझा करार हवा होता. शिक्षा करायचीच तर रांग लावा. पहिले साहेब, दुसरी मी. ही पोरगी त्या रांगेत येतच नाही."

"मॅडम, आवाज," साहेब म्हणाले.

"आवाजाचं बघूया, सर."

मेट्रन हसल्या की खोकल्या ते कळलं नाही. अधिकाऱ्याने प्रथमच घड्याळावरून नजर काढली आणि म्हणाला, "ती प्रयोगशाळा कुठं आहे?" तो भिंतीपलीकडे गेला. नळ कोपराने ढकलला. नळ नुसता कुरकुरला.

मुंगीचं वर्ष वाचलं. तिने वॉर्डात त्या माणसाची आणि त्याच्या बायकोची माफी मागितली. ती तिने कुणी न सांगता मागितली. बायकोने शिव्या दिल्या, मग पाणी प्यायला दिलं.

नळाला पाणी आलं. प्लंबर जेवण उरकून आला, भिंतीला भोक पाडलं, नळी पुढे नेली, चावी बसवली, आणि चहाच्या वेळेला परत गेला. एका दुपारचं काम. कोपरबाई दारात उभी राहून ते पूर्ण होईपर्यंत बघत होती. एका दुपारचं काम! तेवढ्यासाठी किती तुकड्या कोरड्या हातांनी बाहेर पडल्या? आज कुठल्या कुठल्या दवाखान्यांत त्या पोरी अंगठा गोल गोल फिरवत असतील?

साहेबांनी नव्या पाण्याचा फोटो काढून घेतला. नळाखाली त्यांचा हात, तोंडावर हसू. विभागाच्या फलकावर तो लागला.

बाईचा करार पुढे झाला नाही. तिला ते साहेबांनी सांगितलं नाही, कारकुनाने सांगितलं. तोच, पायरीवरून घसरलेला.

"वाईट वाटलं हो, मॅडम," तो म्हणाला.

"तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही. तुम्ही त्या दिवशी रेलिंग धरायला हवं होतं."

शेवटच्या दिवशी तिने सगळ्या तुकडीला प्रयोगशाळेत उभं केलं, मेरिटलाही. पहिला धडा पुन्हा घेतला. साबणाचा फेस जमिनीवर सांडला, पाणी खाटांखाली गेलं. तिने पुसू दिलं नाही. "समजा" हा शब्द कुणी काढला तर बाहेर काढीन, म्हणाली. मुली घाबरल्या नाहीत. मुंगीने ओल्या हातांनीच तिला मिठी मारली आणि बाईच्या पाठीवर दोन पंजे उमटले.

आता ती एका लहान दवाखान्यात वॉर्डात काम करते. पुन्हा पांढरे कपडे, पुन्हा पाळ्या. पगार कमी, काम जास्त, पण खुर्चीचे चारही पाय सारखे. बसायला मिळत नाही ही गोष्ट वेगळी. सासूबाई अजून ऐकवतात, "नळ राहिला, तू गेलीस." ती उत्तर देत नाही. लोक तिला म्हणतात, जाऊ दे, राग धरून काय मिळतं? तिला ते पटत नाही. राग सोडला तेव्हाच तर बादल्या जिन्याखाली गेल्या होत्या.

मध्यंतरी एका संध्याकाळी पेपरवालीचा फोन आला. तुकडी आता तिच्याकडे होती. आवाज घाबराघुबरा.

"अगं, मोटर जळलीय. वर पाणी चढत नाही. उद्या मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. साहेब म्हणतात, बघूया. मी काय करू? उद्याच्या एका दिवसापुरतं 'समजा' चालेल का गं?"

कोपरबाई नुकतीच कामावरून आली होती. पाय सुजले होते. फोन मांडीवर ठेवून तिने चपलांचे पट्टे सोडवले, आणि पलीकडे पेपरवालीला वाटलं, फोन कट झाला.

"हॅलो? आहेस ना?"

"जिन्याखाली बघ," बाई म्हणाली. "बादल्या पालथ्या पडल्या असतील."

"बादल्या? अगं, साहेब..."

"साहेबांना सांग, रेलिंग धरून चाला. तू बादली उचल."

"माझी पाठ..."

"माझीही दुखायची. उचल. आणि एक ऐक, एकदा उचललीस की कुणी काहीही म्हणो, खाली ठेवू नकोस. मी ठेवली होती."